चिखल्याचं ग्राफिक्स कार्ड

"कार्ड मेलं."

तुमसरच्या माझ्या दुकानात हे दोन शब्द मी किती वेळा बोललो असेन, देव जाणे. डॉक्टरला अशी बातमी द्यायची तर आधी नातेवाइकांना बसवावं लागतं, पाणी विचारावं लागतं. आम्हाला तसलं काही लागत नाही. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं, आम्ही अलीकडे. आम्ही मान हलवतो आणि गिऱ्हाईक विचारतं, "मंग आता?" त्या "मंग आता?"वर माझी हयात निघाली, दोन मुलांची शिक्षणं झाली आणि पाठीचे मणके झिजले.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. स्क्रू आणि धूळ यांत आठवणी कसल्या? पण एक गोष्ट काही वर्षांपासून माझ्याजवळ पडून आहे. सुरुवातीला तर ती खरोखरच शर्टाच्या खिशात होती. थकल्या माणसानं खिसे रिकामे करावेत, म्हणून लिहितो आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास मी दुकान टाकलं. जिल्हा तुटला तशी कचेऱ्यांची टेबलं वाटली गेली, नव्या टेबलांवर नवे कॉम्प्युटर आले, ते बंद पडू लागले आणि माझं दुकान चालू झालं. आमचं घर मूळचं मोहाडीचं, विणकराचं. बाबांचा खड्ड्याचा माग होता. धागा तुटला की बाबा कितीही दमलेले असोत, खड्ड्यातून उठून मागाखाली वाकायचे. कुठे तुटला, कशानं तुटला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाठ मारायचे नाहीत. मी विणकाम शिकलो नाही, पण ही सवय तेवढी उचलली. मशीन उघडायचं, वाकायचं, पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं. दुसरा नियम माझा स्वतःचा. काढलेला भाग, मग तो मेलेला का असेना, गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. यातला एक नियम मी मोडला आणि दुसऱ्यानं मला वाचवलं, म्हणून दोन्ही सांगून ठेवले.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारं चित्र आतल्या आत कुणीतरी काढत असतं. पत्र टाइप करायचं असेल तर ते काम मुख्य प्रोसेसरच उरकतो. पण गेम खेळायचा तर रस्ता, झाडं, पाऊस, गाडीच्या काचेवरचं ऊन, सगळं एका सेकंदात पन्नास-साठ वेळा नव्यानं रंगवावं लागतं. तेवढ्यासाठी वेगळा रंगारी ठेवलेला असतो, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तो राबतो म्हणून तापतो, आणि तापतो म्हणून त्याच्या अंगावर एक-दोन पंखे बसवलेले असतात. पंखा थांबला की पडद्यावर रंगीत रेघा येतात. तरी चालवत राहिलं तर कार्ड जीव वाचवायला स्वतःच काम थांबवतं आणि पडदा काळा होतो.

जुन्या मशीनला नवं कार्ड निवडायचं म्हटलं की लोकांचा एकच प्रश्न असतो, किती जीबीचं आहे. जणू तांदळाचा कट्टा न्यायला आलेत. खरं म्हणजे आधी मशीन पाहावं लागतं. आतला पॉवर सप्लाय म्हातारा झाला असेल तर तगडं कार्ड त्याला झेपत नाही. डबा आखूड असेल तर लांब कार्ड आत बसतच नाही. मोहाडीच्या एका फोटोवाल्यानं घरी आणलेलं कार्ड बसेना म्हणून डब्याचा पत्राच कानशीनं घासला होता. बाकीचं मशीन हळू असेल तर महागाचं कार्ड आत बसून नुसतं वाट पाहतं. आणि शेवटी पडद्याची वायर. जुन्या पडद्यांना निळ्या टोकाची, तीन ओळींच्या पिनांची वायर असते. नव्या कार्डांना ती बसायची जागाच नसते. हा शेवटचा प्रश्न साधा, त्यामुळेच विसरला जातो.

मशीन कुठून आलं ते मला आतली धूळ पाहून कळायचं. वरठीच्या स्टील प्लांटजवळच्या मशीनमध्ये काळी, बारीक, जड धूळ. स्पीकरच्या लोहचुंबकाला तिची मिशी फुटलेली. दिघोरीहून एक धानवाला शेतकरी यायचा, फॉर्म भरण्याचं छोटं दुकान चालवणारा. त्याचं मशीन उघडलं की कोंडाच कोंडा निघायचा. एकदा तर उंदरानं वायरींची गादी करून तीत संसार थाटला होता. पिल्लं निघाली, तेव्हा गृहस्थ मला म्हणाला की भाऊ, जरा दोन दिवस थांबून दुरुस्त करा, डोळे उघडू द्या त्यायचे. मी थांबलो. अशी गिऱ्हाइकं होती म्हणून इतकी वर्षं निघाली, नाहीतर या कामात जीव रमावा असं फार काही नाही.

शालिकभाऊ अशांपैकी नव्हेत. ते बोलतच नसत. चिखल्याच्या मँगनीज खाणीत कंपनीच्या गाडीवर त्यांनी उभं आयुष्य ड्रायव्हरी केली आणि निवृत्त होऊन कॉलनीच्या मागे स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेले. त्यांच्या मुलीला, वैशालीला, इंजिनियरिंगला नंबर लागला तेव्हा मीच तिला मशीन बांधून दिलं होतं. ड्रॉइंगच्या कामाला लागते असं बापाला सांगून तिनं त्यात गेमचं चांगलं कार्ड बसवून घेतलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी गप्प बसलो. शालिकभाऊंना ते तेव्हाच कळलं असावं असा माझा आजही संशय आहे.

ते मशीन सात-आठ वर्षांचं झालं असताना, दसरा होऊन आठवडाभरानं, एका शुक्रवारी शालिकभाऊ ते घेऊन दुकानात आले. सोबत त्यांची बायको कुसुमवहिनी. गेम लावला की पाच-सात मिनिटांत रेघा येतात आणि पडदा काळा होतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्या धंद्यात वाईट. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना सगळं चालू हवं असतं. त्या दिवशी काउंटरवर सहा मशीनं होती, लाइट येऊन-जाऊन होती आणि माझी पाठ सकाळपासून ठणकत होती. शालिकभाऊंच्या डब्यावर वाळलेलं कुंकू होतं. दसऱ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मशीनवर ते असतंच. आपल्याकडे नांगरापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, कॉम्प्युटरनं काय पाप केलं? मी सवयीनं ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. डबा टेबलावर उभा केला, बाजूचा पत्रा काढला, ब्लोअरनं फुंकर मारली, चालू केला, रेघा पाहिल्या.

उभ्या डब्यात कार्ड आडवं बसतं आणि त्याचा पंखा तोंड खाली करून असतो. तो फिरतो की नाही हे पाहायचं तर गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, खालून टॉर्च मारावा लागतो. बाकीचे दोन पंखे घरघरत होते. मी त्यांचा आवाज ऐकला आणि वाकलो नाही. "कार्ड मेलं," म्हणालो.

शालिकभाऊंनी "मंग आता?" विचारलं नाही. "शनवारपावतर होते का नाई, तेवढं सांगा," म्हणाले आणि ओळखीच्या जीपवाल्याला निरोप द्यायला बाहेर गेले.

कुसुमवहिनी मागे थांबल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. वैशालीनं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. शालिकभाऊ गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. वहिनी फोनवर बोलायला लागल्या की हे उठून अंगणात जात. पुढे डोळे अधू झाले, लायसन गेलं, हातांना काम उरलं नाही. पोरीचं मशीन आणि तिचं खेळण्यातलं स्टीअरिंग घरात पडून होतं. त्यांनी ते टेबलाच्या कडेला आवळलं आणि ट्रक चालवायचा एक गेम असतो, त्यात कुठल्याशा परमुलखातल्या रस्त्यांवर माल वाहू लागले. रस्त्याच्या उलट्या बाजूनं गाड्या चालवणारे लोक, असं म्हणून आठ दिवस कुरकुरले आणि मग रुळले.

एका रविवारी आरशात मागून एक ट्रक आला. इंटरनेटवरून कुठलीही माणसं त्याच रस्त्यावर येऊ शकतात आणि खेळणाऱ्याचं नाव ट्रकच्या वर दिसतं. नाव वैशालीचं होतं. त्या मशीनवरचा गेम तिच्याच जुन्या खात्यावर चालत होता, त्यामुळे तिला पुण्यात बसून कळलं असणार की घरी कुणीतरी रोज ट्रक हाकतं आहे. तिनं आपल्यासाठी दुसरं खातं उघडलं, त्यालाही आपलंच नाव दिलं आणि रस्त्यावर येऊन बापाला गाठलं. तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता दोघं एका ठरावीक पेट्रोल पंपावर भेटत. बाप पुढे, लेक मागे. बोलायची सोय होती. माइक होता, पण त्याची पिन कुणी लावली नव्हती. आल्याची खूण म्हणून दोनदा डिप्पर, निघताना एक हॉर्न. दोन तास चालायचं आणि आपापल्या घरी.

"हे रविवारी नाई दिसले तं पोरगी समजन का बापानं पुन्हा दार लावलं," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मंग फोन करून सांगा ना वयनी, मशीन बिघडली म्हनून."

त्यांनी पदराचं टोक काउंटरवर उगीच एकदा फिरवलं. "तिच्या लग्नाले हे गेले नाई, तवा मी म्हनलं गाडी बिघडली. घराची पूजा केली तिनं, तवाबी म्हनलं गाडी बिघडली. आता खरंच बिघडली, तं कोन मानन?"

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं नागपूर गाठलं.

कार्डांचे भाव चढलेले होते ते दिवस. नव्या कार्डाच्या नावानं दुकानदार खांदे उडवत आणि जुनी कार्डं पुढे सरकवत. आभासी नाणी तयार करायला लोकांनी ती वर्ष-दोन वर्षं दिवसरात्र जुंपलेली असत. या कामालाही खाणकामच म्हणतात. अशी कार्डं वरून पुसून चकचकीत केलेली असतात, पण पंख्याचा दांडा हलवला की दमलेला हाताला कळतो. तरी एक बरं वाटलं, म्हणून शालिकभाऊंना फोन लावला आणि खरं ते सांगितलं, की खाणकामातून निघालेलं आहे, एखाद-दोन वर्षं चालेल.

"खानीतून निघालेला मानूस कसा रायते, ते मले नका सांगू," म्हणाले. "नवंच आना."

मग चार दुकानं पालथी घालून एक साधं नवं कार्ड घेतलं. एकाच पंख्याचं, आखूड, पॉवर सप्लायवर भार न टाकणारं. ट्रकच्या गेमला याहून मोठ्याची गरज नव्हती. निवड चांगली होती, हे मी आजही म्हणेन. दुपारी दुकानात बसवलं, माझ्या पडद्याला जोडून गेम अर्धा तास चालवला. रेघ नाही, काही नाही. नियमाप्रमाणे जुनं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून शालिकभाऊंच्या हातात दिलं. डबा जीपमध्ये चढला आणि मी दुकान लवकर बंद करून घरी जाऊन आडवा झालो.

रविवारी सकाळी आठ वाजता फोन. "भाऊ, पडद्याची वायर बसून नाई राहिली."

मी अंथरुणातच कपाळावर हात मारला. निळी वायर. मी माझ्या नव्या पडद्यावर तपासलं. त्यांच्या घरी कुठला पडदा आहे, हे विचारलंच नाही. पंचवीस गिऱ्हाइकांना ज्या चुकीसाठी हसलो असेन, ती मी स्वतः केली होती.

यावर एक छोटा कन्व्हर्टर मिळतो. जुना पडदा आणि नवं कार्ड यांची भाषा वेगळी, म्हणून मधे बसवायचा तो दुभाष्या. दुकानात धूळ खात पडलेला एक होता. तो खिशात टाकला, मोटरसायकल काढली आणि गोबरवाहीच्या रस्त्याला लागलो. मँगनीजच्या गाड्यांनी रस्त्याची पार दशा केलेली. प्रत्येक खड्ड्याला पाठ मला माझं वय सांगत होती. चिखल्याला पोचलो तेव्हा साडेनऊ व्हायला आले होते.

घर नीटनेटकं. टेबलाला स्टीअरिंग आवळलेलं, समोर जुना पडदा आणि खाली पाटावर मशीनचा डबा. डबा आडवा होता. पेटी ठेवावी तसा. टेबलाखाली उभा बसत नव्हता, म्हणून पहिल्यापासून तो असाच निजलेला. त्याचा जाळीचा पत्रा वर आलेला आणि त्यावर मशीन दुरुस्त होऊन घरी आलं म्हणून वहिनींनी सकाळीच हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिलेल्या. मी ते पाहिलं, पण माझं डोकं वायरीत होतं.

दुभाष्या लावला. पडदा निळसर झाला, थरथरला, गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. स्वस्तातला माल, किती वर्षं पडून. पावणेदहा झाले, दहा झाले. शालिकभाऊ आतापर्यंत खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले तसे उठले आणि अंगणात जाऊन ओट्यावर पाठमोरे बसले. मला वाटलं ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मला जुन्या कार्डाची आठवण झाली. मेलेलं असलं तरी ते पाच मिनिटं चित्र दाखवत होतं आणि त्याला निळी वायर बसत होती. पाच मिनिटांत दोनदा डिप्पर मारून होतो. पोरीला कळेल, बाप आला होता. मी वहिनींना ते मागितलं. त्यांनी देवळीतून वर्तमानपत्राची गुंडाळी आणून दिली, डब्यावरचं फूल उचललं आणि मी जाळीचा पत्रा उचलायला हात लावला. पत्रा कलला तशा त्यावरच्या दोन-तीन अक्षता जाळीच्या भोकांतून टपटप आत पडल्या.

मी तसाच थांबलो. मग कागद सोडवून जुनं कार्ड हातात घेतलं आणि शुक्रवारी करायला हवं होतं ते केलं. ते उलटं करून पाहिलं. पंख्याचं पातं आणि चौकट यांच्या फटीत तांदळाचा एक लाल दाणा बसला होता. ओल्या कुंकवासकट आत गेलेला, तिथेच वाळून चिकटलेला. बोटानं पातं ढकललं, हललं नाही. कार्ड मेलं नव्हतं. त्याचा पंखा तेवढा अडकला होता, म्हणून ते तापून पुन्हा पुन्हा स्वतःला वाचवत होतं. आणि मी, याच धंद्यात म्हातारा झालेला माणूस, पाठ दुखते म्हणून वाकलो नव्हतो.

"पिन आहे का वयनी?" मी विचारलं. त्यांनी मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून दिली. दाणा टोकानं उचलला. पातं सुटलं आणि फुंकरीनं फिरलं. दाणा माझ्या तळहातावर होता. वहिनी शेजारीच उभ्या होत्या, शालिकभाऊ बाहेर. मी मूठ मिटली आणि दाणा शर्टाच्या खिशात टाकला.

जुनं कार्ड बसलं, निळी वायर बसली, पडदा आला. तापमान पाहिलं, चढलं आणि जागेवर थांबलं. मी हाक मारली. शालिकभाऊ आत आले, खुर्चीत बसले आणि गेम उघडला तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते.

पंपावर एक ट्रक उभा होता. चारही इंडिकेटर लुकलुकत होते, गाडी बिघडल्यावर लावतात तसे. वर वैशालीचं नाव. पाऊण तास पोरगी तशी उभी होती.

शालिकभाऊंनी दोनदा डिप्पर मारला. पलीकडून काहीच नाही. मी मनात म्हटलं, कंटाळून उठून गेली असेल आणि गाडी नुसती उभी असेल. पुन्हा दोनदा डिप्पर. मग तिचे इंडिकेटर बंद झाले आणि समोरचे दिवे दोनदा लागले.

शालिकभाऊ पुढे निघाले, तिचा ट्रक नेहमीसारखा मागे लागला. मोठ्या रस्त्याला लागताच त्यांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि इंडिकेटर दिला. तिचा ट्रकही मागे थांबला. तिला कळेना. त्यांनी पुन्हा इंडिकेटर दिला आणि थांबून राहिले. मग तो ट्रक हळूच बाहेर निघाला आणि त्यांच्या बाजूनं पुढे गेला.

"आज पयल्यांदा साइड देल्ली यायनं," वहिनी पुटपुटल्या.

शालिकभाऊंनी मान वळवली नाही. "लय वेळ उभी होती ते. जाऊ दे पुढं."

दोन तासांनी त्यांनी स्टीअरिंग सोडलं आणि विचारलं, काय झालं होतं. मी म्हणालो, कॉन्टॅक्ट ढिला होता, पुसून बसवलं, आता जुनंच चालतं. नवं कार्ड मी परत नेलं. पत्र्याच्या जाळीवर आतून एक पातळ कापड लावून दिलं, धुळीसाठी म्हणून. शालिकभाऊंनी फाटकापर्यंत येऊन माझा हात धरला आणि मेलेलं उठवलं तुमी, असं म्हणाले. इतक्या वर्षांच्या धंद्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती, आणि तीच घेताना मान वर होईना.

दाणा का लपवला? परतीच्या रस्त्यावर मी स्वतःला सांगत होतो की वहिनींसाठी. आपण वाहिलेल्या अक्षतेनं लेकीचं दार लागत होतं, हे त्या बाईला आयुष्यभर टोचलं असतं. हे खरंच आहे. पण त्याहून मोठं कारण माझं नाव होतं. दाणा दाखवला असता तर हेही दाखवावं लागलं असतं की मी न पाहताच मेलं म्हणालो. आणि मग रस्ताभर दुसराच हिशेब डोक्यात सुरू झाला. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी किती मशीनांवरचं कुंकू पुसलं आणि किती कार्डं मेली म्हणून सांगितलं? पूर्वी वाकत होतो तोपर्यंत ठीक. पण वाकणं नक्की केव्हा सोडलं, ते मला आठवेना. अजून आठवत नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांनी कुसुमवहिनी बाजाराला आल्या होत्या, तशा दुकानात डोकावल्या. काउंटरवर एक मशीन उभं होतं, डब्यावर ताजं कुंकू, पडद्यावर रेघा. त्याचा मालक चहाला गेला होता. मी वहिनींना बसायला स्टूल दिलं, पोरीचं विचारलं. आली नाही अजून, म्हणाल्या. पण रविवार एकही चुकला नाही. आणि आता माइकची पिन लावली आहे.

"बोलतात काय मंग?" मी विचारलं.

"नाई. हेबी नाई बोलत, तेबी नाई. पन तिच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या आयकू येते. हे मोजत बसते. तीन झाल्या का म्हनते, भात झाला पोरीचा."

मी हसलो. त्यांनी काउंटरवरच्या मशीनकडे, त्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं. "आम्ही आता स्टीअरिंगले कुकू लावतो," म्हणाल्या. "अक्षदा पाटावर ठेवतो, डब्यावर नाई."

मी वर पाहिलं.

"दाना खिशात टाकला तुमी, तं पाह्यला मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या पिननं तं काढला."

मी चूक कबूल करायला गेलो, शुक्रवारचं, पाठीचं, काहीतरी अर्धवट बोललो. त्यांनी पिशवी उचलली.

"तुमी माहं झाकलं. मंग मी तुमचं कायले उघडं करू?"

त्या गेल्या. थोड्या वेळानं त्या मशीनचा मालक चहा पिऊन आला आणि पडद्यावरच्या रेघांकडे बोट दाखवून म्हणाला, कार्ड गेलं असन ना भाऊ. मी त्याला थांबायला सांगितलं. डबा टेबलाच्या कडेला ओढला, टॉर्च घेतला, गुडघे टेकले आणि मान वाकडी करून खालून आत पाहिलं. पंखा व्यवस्थित फिरत होता. कार्ड काढून उलटं केलं, कडेकडेनं पाहिलं, पुसून पुन्हा बसवलं, दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. अर्धा तास गेला. पाठीत कळ आली ती दोन दिवस राहिली.

दाणा कुठेच नव्हता. ते कार्ड खरंच मेलं होतं, आणि तसं मी त्याला सांगितलं.